निळ्या खोक्यातला मासा आणि तुमची मुलगी

ती. मामांना जावयाचा नमस्कार.

डोळ्यावरची पट्टी अजून आहे ना? असली तर डॉक्टर सांगेपर्यंत तिला हात लावू नका, वाकून काही उचलू नका आणि शिंक आली तर जपून शिंका. मोतीबिंदूचं ऑपरेशन हल्ली अगदी सोपं झालंय असं सगळे म्हणतात, पण म्हणणाऱ्यांचे स्वतःचे डोळे जागच्या जागी शाबूत असतात. मामी असत्या तर त्यांनी तुम्हाला पलंगावरून उतरू दिलं नसतं. आता ते काम तुमची मुलगी करते आहेच, आणि पट्टी असल्यामुळे हे पत्रही तीच तुम्हाला वाचून दाखवत असणार. इथेच माझी पंचाईत आहे, कारण पत्र तिच्याविरुद्ध आहे. तेव्हा एवढंच करा, की वाचताना ती कुठे अडखळली, उगाच खाकरली किंवा 'इथलं अक्षर लागत नाही' म्हणाली, तर तिला तिथेच अडवून ते वाक्य पुन्हा वाचायला लावा. माझं अक्षर चांगलं आहे. (लग्न ठरवताना तुम्हीच त्याचं कौतुक केलं होतंत. दुसरं कौतुक करण्यासारखं तेव्हा तुम्हाला काही सापडलं नव्हतं, असं ही सांगते.)

फोन सोडून पत्र का लिहितोय, तर फोन ती उचलते आणि 'बाबा झोपलेत' म्हणते. एवढं झोपणारा माणूस मी पाहिलेला नाही. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आले, असं तिने तुम्हाला सांगितलं असेल. ते खोटं नाही, पण ऑपरेशनची तारीख बरीच पुढे होती आणि ती बॅग भरून तावातावाने आधीच निघून आली, हे तुमच्याही ध्यानात आलं असेल. आमचं भांडण झालं. भांडण माशावरून झालं. तिची बाजू तुम्ही ऐकलीच असेल; आता माझी ऐका, आणि मग मोठ्या माणसाच्या नात्याने काय तो निवाडा द्या. निवाडा काय असावा ते मी शेवटी सुचवलं आहे.

आपलं दुकान तुम्ही पाहिलंय. खाली किराणा, वर आम्ही. मागच्या हिवाळ्यात मी हौसेने मोठा फ्रीजर घेतला, काचेच्या झाकणाचा, आत दिवा असलेला. तो दुकानात आला त्या दिवशी गल्लीतली माणसं नवं बाळ बघायला यावीत तशी येऊन गेली. घाऊक व्यापाऱ्याकडून त्यात परदेशी गोठवलेला मासा भरला. निळी खोकी, वर हसणाऱ्या माशाचं चित्र, आत साफ केलेल्या, काटे काढलेल्या पांढऱ्या वड्या. सुरुवातीला खप इतका झाला की मी मनातल्या मनात दुसऱ्या फ्रीजरची जागासुद्धा ठरवून ठेवली. (ही म्हणाली, आधी पहिल्याचं बघा. तिचा हा स्वभाव तुमच्याकडून आलाय की मामींकडून, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.)

आणि मग सगळ्यांच्या फोनवर तो निरोप आला. कोणा गृहस्थाचा नुसता आवाज होता. 'मी स्वतः बंदरावर काम करतो' अशी सुरुवात, आणि मग बाहेरून येणाऱ्या गोठवलेल्या माशाला प्रेत टिकवायचं औषध मारतात, तो मासा आपल्या मुलांपेक्षा वयाने मोठा असतो, खाणाऱ्याच्या पोटात जाऊनही तो वितळत नाही, वगैरे वगैरे. गृहस्थ खोकत खोकत बोलत होता, त्यामुळे लोकांचा जास्तच विश्वास बसला. कुठलं बंदर, कुठला मासा, कोण हा, काही पत्ता नाही. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या फ्रीजरपाशी येणारं गिऱ्हाईक आजाऱ्याच्या कपाळाला हात लावावा तसा काचेला हात लावायचं आणि हळहळत पुढे जायचं. एका बाईने विचारलं, हा मासा वारला कधी? एकाने विचारलं, समुद्रात वीज गेली तर काय करतात? मी म्हटलं, समुद्रात वीज नसते. तो म्हणाला, बघा, म्हणजे तुम्हीच कबूल करताय.

खरी अडचण मात्र निराळी होती आणि ती मला फार उशिरा कळली. आपल्या लोकांना मासा घ्यायचा म्हणजे त्याच्या डोळ्यात बघून घ्यायची सवय. कल्ला उचलायचा, अंगठ्याने पाठ दाबायची, वास घ्यायचा, कोळणीशी चार शब्द वाकडे बोलायचे, मग घ्यायचा. माझ्या निळ्या खोक्यातल्या वडीला ना डोळा, ना कल्ला, ना तोंड. ज्याला तोंडच नाही त्याच्यावर भरवसा ठेवायचा कसा? मला वाटलं हा प्रश्न फक्त गिऱ्हाइकांचा आहे. आपल्याच घरात, डोक्यावरच्या मजल्यावर, मामींच्या हाताखाली कल्ले बघायला शिकलेली एक व्यक्ती राहते, हे माझ्या लक्षातच आलं नाही. (आता ती खाकरेल. पुन्हा वाचायला लावा.)

समोरच्या शिंप्याच्या बाकावर निवृत्त पोस्टमास्तर बसतात, ते तुम्हाला आठवत असतील. तुमच्याशी हवामानावर वाद घालून जिंकलेले, तेच. पेन्शन चांगली, पाय चांगले, आणि करायला काही नाही, असा माणूस गल्लीला फार महाग पडतो. त्यांनी जाहीर केलं, की माणसाला फसवता येतं, मांजराला नाही. शिंप्याचं मांजर बोलावलं. मी एक वडी वितळवून बशीत ठेवली. सगळी गल्ली गोळा झाली. मांजर आलं, वडीभोवती एक फेरी मारली, हुंगलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि जाऊन कापडाच्या ढिगावर झोपलं. झालं! आता हे मांजर शिंप्याच्या बायकोने नुकतंच वाटीभर दूध पाजून खाली पाठवलं होतं, हे मी घसा फोडून सांगितलं, पण मांजराच्या विरुद्ध माझं कोण ऐकतो? संध्याकाळपर्यंत लोक माझ्याकडचं मीठसुद्धा हुंगून घेऊ लागले.

मग मी अन्नतपासणीच्या कचेरीत गेलो. नमुना दिला, रांगा लावल्या, साहेब जेवायला गेले म्हणून थांबलो, साहेब जेवून आले म्हणून थांबलो, आणि शेवटी मासा खाण्यास योग्य आहे असा सही-शिक्क्याचा अहवाल मिळवला. तो काचेच्या चौकटीत घालून फ्रीजरवर टांगला. पोस्टमास्तरांनी तो नाकावर चष्मा चढवून सगळा वाचला, मागची बाजूही पाहिली आणि बाकावर परत जाऊन म्हणाले, ज्याच्या मनात काही नाही तो दाखला कशाला टांगेल? त्या दिवशी फ्रीजरमधले मटारही खपले नाहीत. मटारांना तर कुणी काही म्हटलंही नव्हतं.

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या सरळ माणसाने काय करायचं? मी ठरवलं, आपणच खायचं. रोज दुपारी, दुकानाच्या पायरीवर स्टूल टाकून, सगळ्यांदेखत. हिला सांगितलं, मी निळं खोकं वर पाठवत जाईन, तू तळून आणून देत जा. ती काही बोलली नाही. (ती काही बोलत नाही तेव्हा माणसाने सावध व्हायला हवं, हे तुम्ही मला लग्नाच्या आधी सांगायला हवं होतं.) पहिल्या दिवशी ती ताट घेऊन खाली आली, मी गल्लीला नमस्कार केला आणि जेवलो. मासा उत्तम होता. चवीला अगदी ताजा! मी तसं ओरडून सांगितलं. लोक टाळ्या वाजवतील असं वाटलं होतं, पण ते नुसते बघत राहिले, आणि जेवण झाल्यावरही उठेनात. ते मी पडण्याची वाट बघत होते.

पुढचे काही दिवस मी माणूस राहिलो नाही, मामा, मी वर्तमानपत्र झालो. सकाळी दार उघडलं की पहिला प्रश्न, पोट कसं आहे? न्हावी माझी जीभ बघून मग स्वतःचं दुकान उघडायचा. मी जांभई दिली की खप थांबायचा. एकदा भर दुपारी मिरचीच्या पोत्याजवळ उभा असताना शिंक आली, तर रांगेतल्या चार बायका पिशव्या तशाच टाकून निघून गेल्या, आणि संध्याकाळी दुसऱ्या गल्लीतून दोघे जण माझ्या प्रकृतीची चौकशी करून गेले. मी मरगळलेला दिसू नये म्हणून दिवसभर उगाच हसत उभा राहायचो, तर पोस्टमास्तरांनी शंका काढली की औषध मेंदूत चढलं असावं. पण हळूहळू, मामा, हळूहळू लोकांना पटायला लागलं. मी काही पडेना. मग आधी एकाने एक खोकं नेलं, मग शिंप्याने नेलं, मग न्हाव्याने. एक गोष्ट तेवढी नवलाची होती. मी रोज एक खोकं वर पाठवत होतो, तरी फ्रीजरमधली रास माझ्या अंदाजाइतकी कमी होत नव्हती. मी म्हटलं, माल पावला!

आणि मग खानावळवाल्या बाई आल्या. कारखान्याच्या कामगारांना दोन्ही वेळा जेवू घालणाऱ्या, आवाज असा की हाक मारली तर भांडी आपणहून धुतली जावीत. त्यांना रोजच मासा लागतो. बाईंनी काच पुसली, आत पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्ही खाताना मला बघू द्या. पटलं तर सगळा फ्रीजर माझा, आणि पुढेही माझाच. माझा आनंद पोटात मावेना. त्या दिवशी मी नवा सदरा घातला. हिने ताट आणलं. बाई समोर खुर्चीवर, मागे गल्ली, शिंप्याने तर मशीन थांबवलं होतं. मी नेहमीपेक्षा जास्तच ऐटीत जेवलो, बोटंसुद्धा चाटली. बाई मान डोलवत होत्या, पिशवीत हात घालत होत्या, आणि माझ्या पोटात काहीतरी उलटं फिरलं.

पुढचं सविस्तर सांगत नाही. तुम्ही पलंगावर आहात आणि वाचणारी तुमची मुलगी आहे. एवढंच सांगतो, की नवा सदरा गेला, बाईंची चप्पल गेली, आणि शिंप्याच्या हातगाडीवर कापडाच्या ताग्यांच्या जागी मला घालून दवाखान्यात नेलं तेव्हा वाटेत दुतर्फा माणसं होती. पोस्टमास्तर गाडीबरोबर चालत होते आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून माहिती देत होते. डॉक्टरांनी पोट दाबून विचारलं, काय खाल्लं? मी काही म्हणायच्या आत सगळी गल्ली एका आवाजात म्हणाली, निळ्या खोक्यातला मासा! डॉक्टर म्हणाले, खराब मासाच आहे, औषध देतो, दोन दिवस पेज घ्या.

मी वरच्या खोलीत पडून राहिलो, मामा. पोटाचं दुखणं होतंच, पण त्याहून मोठं दुखणं हे, की इतके दिवस मी छाती काढून सांगितलं आणि माल खरंच खराब निघाला. मी ज्यांना विकला त्या शिंप्याचं काय, न्हाव्याच्या पोरांचं काय? मला रडू आलं. (हे ती वाचणार नाही, पण मला खरंच रडू आलं.) मी हिला म्हटलं, उद्या सकाळी सगळी खोकी खड्ड्यात टाकतो, फ्रीजर विकतो, दुकानही बंद करतो. ती उशाशी पेजेची वाटी घेऊन बसली होती. तिने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो, टाकू नका. तुम्ही त्यातला मासा खाल्लेलाच नाही."

मला वाटलं ताप डोक्यात गेला. पण तिने सगळं सांगितलं. मी निळं खोकं वर पाठवायचो. ती ते घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून मागच्या जिन्याने बाजारात जायची, डोळे बघून, कल्ला उचलून, पाठ दाबून ताजा मासा आणायची, तो तळून मला द्यायची, आणि मी दुपारचा लवंडलो की ते खोकं न फोडता तसंच फ्रीजरमध्ये परत ठेवायची. रोज! गल्लीसमोर मी ज्याच्या नावाने शपथा घेत होतो तो मासा माझ्या जिभेलाही लागला नव्हता. आणि ज्याने मला हातगाडीवर घातलं तो ताजा, डोळे चमकणारा, तिने स्वतः निवडलेला होता. ती म्हणाली, डोळे अगदी छान होते हो त्याचे.

आता इथे तुम्ही माझ्या जागी आहात असं समजा. मी विचारलं, का? तर म्हणाली, दुकानात काय विकायचं ते तुम्ही बघा, मी कधी मध्ये बोलले नाही, पण ज्याचं तोंड मी बघितलं नाही ते तुम्हाला कसं घालू? मी भडकलो. मी म्हटलं, म्हणजे दुसऱ्यांच्या नवऱ्यांना चालतं? यावर ती म्हणाली, तुम्ही एकदा तरी मला विचारलंत का, विकू की नको म्हणून? मामा, हा काही माझ्या प्रश्नाचा जबाब नव्हता. पण तुमच्या घराण्यात प्रश्नाला प्रश्नाने मारायची पद्धत आहे, आणि ती मामींच्या वेळेपासूनची आहे.

बरं, माझी कोंडी बघा कशी झाली. गप्प बसावं, तर बिचाऱ्या परदेशी माशावर ताज्या माशाचं खापर फुटतंय. खरं सांगावं, तर लोक म्हणणार, ह्याची बायकोच ह्याला हा माल खाऊ घालत नाही. दोन्हीकडून मीच. मी रात्र तळमळून काढली आणि सकाळी उठून शिंप्याच्या बाकावर जाऊन पोस्टमास्तरांना खरं काय ते सांगून टाकलं. माझं म्हणणं, व्यापारात सचोटी हवी. दुपारच्या आत सगळ्या गल्लीला कळलं. आणि गल्लीने काय केलं? माझ्या सचोटीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्या बायका हिच्या बाजूच्या झाल्या. नळावर, जिन्यात, दारात एकच विषय, की हिने किती शहाणपणाने नवरा वाचवला. (वाचवला! हातगाडीवर मी होतो!) न्हाव्याने खोकं परत आणून दिलं. आणि हिला मात्र ते कौतुक सोसेना. वर येऊन म्हणाली, मी घरातली गोष्ट घरात सांगितली होती, तुमच्या माशाच्या अब्रूसाठी तुम्ही माझी शोभा गल्लीभर केलीत. आणि बॅग भरली.

तर ही माझी बाजू. निवाडा मी असा सुचवतो, की चूक दोघांची आहे, पण सुरुवात तिची आहे. आता ती तिथे आहे तर राहू द्या. मला इथे काही कमी नाही. स्वयंपाक मला येतो, म्हणजे येऊ लागलाय. घर नीट आहे. एकटं असलं की माणसाला विचार करायला निवांतपणा मिळतो, आणि मी तो भरपूर घेतो आहे. तिला पाठवा असं मी म्हणणार नाही. तुमचा डोळा बरा होईपर्यंत, किंवा हवं तर दुसऱ्या डोळ्याचंही होईपर्यंत तिने राहावं. तब्येतीला जपा. औषधाचे थेंब वेळच्या वेळी घाला.

आपला,
जावई

ता.क. हे पाकिटात घालतो तोच खानावळवाल्या बाई आल्या (नव्या चपला घालून). म्हणाल्या, मला अहवाल नको, मांजर नको, तुम्ही तर नकोच. ज्या बाईने नवऱ्याला हा मासा दिला नाही, तिने माझ्यासमोर एक घास खाल्ला की सगळा फ्रीजर उचलते. म्हणजे बघा मामा, सगळा माल आता तुमच्या मुलीच्या एका घासावर अडकलाय. वर जे लिहिलंय की तिला पाठवा असं म्हणणार नाही, ते आता गैरलागू समजा. शेजारच्या कुणाला तरी थेंब घालायला सांगून तिला पत्र मिळताच पहिल्या गाडीने पाठवून द्या. घास लहान असला तरी चालेल, मी बाईंना विचारून घेतलंय.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडलं. झालं असं, की तिला बोलवायच्या आधी आपण स्वतः एकदा खाऊन बघावं, म्हणजे ठणकावून सांगता येईल, असं मनात आलं. खोकं वर आणलं, वडी तळली, ताटात घेतली, आणि बसलो. अहवाल मला तोंडपाठ आहे. मालात खोट नाही हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. फक्त घास उचलवेना. ती वडी समोर, ना डोळा ना तोंड, आणि मी तिच्याकडे बघतोय. मग मनात आलं, की हाच घास उद्या तुमची मुलगी गल्लीसमोर उचलणार, आणि मी बाजूला उभा राहून बाईंकडे बघत असणार. मी ताट बाजूला सारलं आणि पाव खाल्ला. नंतर खानावळीत जाऊन सांगून आलो, माझी बायको खाणार नाही. बाई म्हणाल्या, मग माल? मी म्हटलं, राहू द्या. घाऊक व्यापारी उरलेली खोकी कुरकुरत का होईना परत नेतोय. फ्रीजरमधून आता नुसता बर्फ विकणार. बर्फावर अजून कुणाचा आक्षेप नाही. (पोस्टमास्तरांनी पाणी कुठलं ते विचारलं.) आणि खानावळीतून परत येताना शिंप्याच्या बाकापाशी थांबून मी पोस्टमास्तरांना सांगितलं, की घरातली गोष्ट मी बाहेर बोलायला नको होती. ते म्हणाले, हेही तुम्ही बाहेरच बोलताय. माणूस त्रासदायक आहे, पण कधीकधी बरोबर असतो.

ता.क. तिसरा. मामा, यापुढचं मोठ्याने वाचायचं नाही असं मी तिला सांगतोय. ती एकदम गप्प झाली तर पत्र संपलं असं समजा आणि थोडा वेळ तिला काही विचारू नका.

अगं, आज त्या ताटासमोर बसून एक गोष्ट कळली. इतके दिवस पायरीवर बसून मी खाल्लं, पण एकदाही ताटात बघितलं नाही. अहवालावर विसंबून मी खात नव्हतो गं, निळ्या खोक्यावरही नाही. तू ठेवायचीस, मी खायचो. तुझ्या हातून दगड आला असता तरी गल्लीला सांगितलं असतं की उत्तम आहे. तू मला फसवलंस म्हणून मी एवढा आरडाओरडा केला, आणि आता बसून आठवतोय तर आठवतं ते भलतंच. मी जेवत असायचो तेव्हा सगळी गल्ली माझ्या पोटाकडे बघायची, आणि तू दारात उभी राहायचीस, शेवटचा घास संपेपर्यंत. मला वाटायचं, ताट परत न्यायला थांबतेस. बाबांचं नीट झालं की ये. मला करमत नाही.